फुनादामा : नौकेतील देवता आणि सुताराचे वचन

जपानच्या किनारपट्टीवरील मच्छीमार नौकेला केवळ साधन मानीत नसत. तिच्या ठायी ‘फुनादामा’ ही देवता वसते अशी त्यांची श्रद्धा होती. ‘फुने’ म्हणजे नौका आणि ‘तामा’ म्हणजे आत्मा. या देवतेची प्रतिष्ठापना करण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी पुरोहिताकडे नसून नौका बांधणाऱ्या सुताराकडे असे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. डोलकाठीच्या बुडाशी असलेल्या लाकडात तो खाच कोरी आणि तीत कागदाच्या स्त्रीपुरुषप्रतिमा, स्त्रीचे केस, पाच धान्ये, बहुधा बारा नाणी व दोन फासे ठेवून ती बुजवून टाकी. प्रदेशागणिक या वस्तूंत फरक आढळतो.

साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने यांतील फासे विशेष महत्त्वाचे होत. आकाशाकडे एक, भूमीकडे सहा, नाळेकडे तीन आणि पिछाडीकडे चार असा त्यांचा क्रम ठरलेला असून तो सांगणारे एक पारंपरिक वचन सुतार जाणत असत. या वचनाचे सारे सामर्थ्य श्लेषात आहे. जपानी भाषेत चार या अंकाचा ‘शी’ हा उच्चार मृत्यूवाचकही आहे. एरव्ही तो टाळण्याकडेच कल असतो. येथे मात्र त्याला ‘आवासे’ (जुळणी) हा शब्द जोडला जातो आणि ‘शिआवासे’, म्हणजे सौख्य, असा शब्द सिद्ध होतो. शेजारी ठेवलेल्या फाशांच्या दोन ठिपक्यांच्या बाजू समोरासमोर येतात. दोनचा ‘नी’ हा उच्चार नौकेतील मालाचाही वाचक असल्याने तेथे भरलेल्या नौकेची कामना व्यक्त होते. हे वचन मंत्र की शब्दखेळ, हा प्रश्न मला गौण वाटतो. समुद्रावर जाणाऱ्याला दोन्ही एकच.

केसांची गोष्ट वेगळी. फुनादामा बहुधा स्त्रीदेवता मानली जाई, आणि अनेक गावी एकट्या स्त्रीने नौकेवर चढणे निषिद्ध असे. म्हणजे नौकेच्या गाभ्यात स्त्रीचे केस आणि नौकेवर स्त्रीला मज्जाव! देवतेला मत्सर वाटतो, ही मच्छीमारांची उपपत्ती पुरेशी वाटत नाही.

१९३७ मध्ये यानागिता कुनिओ (१८७५-१९६२) यांच्या मार्गदर्शनाखाली किनारी गावांची पाहणी सुरू झाली, तेव्हा लाकडी नौका सर्रास वापरात होत्या. पुढे हा विधी कोणी बंद पाडला असे नव्हे. १९७० च्या दशकात फायबरग्लासच्या नौका रूढ झाल्या; त्या साच्यातून निघतात. त्यांत खाच कोरण्यास लाकूड नाही. काही ठिकाणी त्याच वस्तू लहान पेटीत घालून सुकाणूच्या खोलीत ठेवतात. वचनाचे पाठ अभ्यासकांनी टिपून ठेवले आहेत. ते म्हणत फासे लावणारा सुतार मात्र बहुतेक किनाऱ्यांवर आता उरलेला नाही.