रक्ताची साक्ष

फेफरे आले की नाकाशी कांदा नाहीतर चप्पल धरायची, ही आपल्याकडची जुनी रीत. झटका बहुधा आपणहूनच थांबतो आणि श्रेय मात्र चपलेला मिळते! पण मूल शुद्धीवर आल्यावर आईच्या मनात जो प्रश्न उभा राहतो, तो खरा. या झटक्यांनी लेकराच्या मेंदूला इजा तर होत नसेल ना?

अपस्माराच्या सुमारे एकतृतीयांश रोग्यांना औषधांचा पुरेसा गुण येत नाही. त्या घरांतून हा प्रश्न रोजचाच. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२९ साली मेंदूतील विद्युत्-लहरींचा आलेख प्रसिद्ध केला. पण आलेख वादळ दाखवितो, पडझड नव्हे.

ती पडझड शास्त्रज्ञ आता रक्तात शोधीत आहेत. मेंदूतील पेशी दुखावल्या, की त्यांच्यातली प्रथिने रक्तात झिरपतात. ‘न्यूरोफिलामेंट लाइट’ हे मज्जापेशींच्या लांब तंतूंतले, तर ‘जीएफएपी’ त्या पेशींना आधार देणाऱ्या तारकापेशींतले. प्रमाण इतके सूक्ष्म, की मिलिग्रॅमच्या अब्जांशांत मोजावे लागते.

मात्र ही साक्ष जपून घ्यावी लागते. ‘एनएसई’ नावाचे प्रथिन रक्तातील तांबड्या पेशींतही असते. रक्त काढताना त्या फुटल्या, तर आकडा उगाच फुगतो. तान्ह्या बाळाचे आणि दहा वर्षांच्या मुलाचे नैसर्गिक प्रमाणही निराळे. शिवाय इजा कोठे झाली, हे रक्त सांगत नाही. त्यासाठी एमआरआय हवा. म्हणून योग्य निवडलेली दोन औषधे नीट देऊनही झटके थांबत नसतील, तर अशा आकड्याची वाट न पाहता मूल अपस्माराच्या तज्ज्ञाकडे न्यावे. काही मुलांना शस्त्रक्रियेने गुण येतो.