भूकंपाचे धक्के, खाणी आणि खोल विहिरी : ग्रामस्थांच्या शंकांचे निरसन

दि. ४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात ५.३ रिश्टरचा भूकंप झाला. गोदावरीकाठच्या गावांबरोबरच हैदराबाद, तसेच महाराष्ट्रातील गडचिरोली व चंद्रपूर या भागांतही तो जाणवला. त्याच वर्षी २१ मार्च व १० जुलै रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचे धक्के बसले होते. पुढे ५ मे २०२५ रोजी करीमनगर परिसरात ३.८ रिश्टरचा धक्का बसला. हिंगोली आदिलाबाद जिल्ह्याच्या पश्चिमेस, मुलुगू आग्नेयेस आणि करीमनगर दक्षिणेस आहे. त्यामुळे जैनथ, बेला, उटनूर, इंद्रवेल्ली अशा मंडलांतील ग्रामस्थांच्या मनात शंका उत्पन्न झाल्यास ते स्वाभाविक होय.

या शंका साधारणतः अशा असतात : कोळशाच्या खाणींतील सुरुंगांमुळे भूकंप होतो काय? खोल विहिरी खणून जमिनीच्या पोटात पाणी दाबल्यामुळे धक्के बसतात असे ऐकिवात आहे, ते खरे काय? उद्या आपल्या भागात तसे काही सुरू झाले, तर विहिरींचे पाणी व घरांच्या भिंती यांचे काय होईल? प्रस्तुत लेखात या शंकांचा क्रमाने विचार केला आहे.

भूमी का हादरते?

पृथ्वीच्या कवचातील खडकांवर सतत ताण पडत असतो. खडकांत ज्या ठिकाणी जुनी खोल भेग असते, तिला विभंग म्हणतात. ताण असह्य झाला म्हणजे विभंगाच्या दोन्ही बाजूंचे खडक एकाएकी सरकतात आणि त्यातून निघालेल्या लहरी भूपृष्ठापर्यंत पोहोचतात. हाच भूकंप. रिश्टर प्रमाणात एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते, हेही येथे ध्यानात ठेवावे.

गोदावरीचे खोरे ही अशाच जुन्या विभंगांनी बांधली गेलेली खचदरी आहे. कोळशाचे थर तिच्यातच साठले आहेत. दि. १३ एप्रिल १९६९ रोजी भद्राचलम परिसरात ५.७ रिश्टरचा भूकंप झाला, तो याच खोऱ्यात. म्हणजे येथील भूमी पूर्वीही हादरली आहे आणि पुढेही हादरू शकेल. दख्खनचे पठार अचल आहे, ही जुनी समजूत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने खोटी ठरविली. तत्कालीन नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविली होती.

मुलुगूच्या भूकंपाची खोली राष्ट्रीय भूकंप विज्ञान केंद्राने सुमारे ४० किलोमीटर नोंदविली. कोळशाची खाण काही शे मीटर खोल असते. तेल वा वायूची विहीर सहसा दोन ते चार किलोमीटर जाते. शेतातील कूपनलिका तर शंभर ते तीनशे मीटरवर थांबते. एवढ्या अंतरामुळे त्या भूकंपाचा संबंध खाणीशी अथवा कूपनलिकेशी जोडता येत नाही. तथापि यावरून मनुष्याच्या कृतीने भूकंप कधीच होत नाही, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल.

पाण्याचा दाब आणि विभंग

विभंगाच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात. त्यांच्यामध्ये दाबाखालील पाणी शिरले, की त्यांची पकड सैल होते. मग आधीच साठलेला ताण लवकर मोकळा होतो. याचे जगात सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कोयना धरणाच्या शिवाजीसागरात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागल्यानंतर परिसरात लहान धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६ रिश्टरहून मोठा भूकंप होऊन कोयनानगर उद्ध्वस्त झाले. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. सगळ्याच जलाशयांमुळे असे होत नाही. खाली ताणलेला विभंग असेल आणि पाणी तेथवर पोहोचेल, तेथेच हा धोका संभवतो.

अमेरिकेतील डेन्व्हर शहराजवळ १९६२ मध्ये लष्करी रसायनांच्या कारखान्याचे दूषित पाणी सुमारे ३,७०० मीटर खोल विहिरीत दाबाने सोडण्यास आरंभ झाला. थोड्याच काळात परिसरात धक्के बसू लागले. विहिरीत सोडलेल्या पाण्याचे मासिक प्रमाण आणि धक्क्यांची मासिक संख्या शेजारी शेजारी मांडून एका भूशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये दोहोंतील संबंध दाखवून दिला. १९६६ मध्ये पाणी सोडणे बंद करण्यात आले, परंतु सर्वांत मोठा धक्का त्यानंतर, म्हणजे १९६७ मध्ये बसला. खडकात शिरलेला दाब कारखान्याच्या आज्ञेने लगेच ओसरत नाही, हा त्यातील बोध होय.

फ्रॅकिंग म्हणजे काय?

शेल हा चिखलाच्या थरांपासून बनलेला, पापुद्रे सुटणारा खडक आहे. काही ठिकाणी त्यात नैसर्गिक वायू कोंडलेला असतो. खोल विहीर खणून, पुढे ती खडकाच्या थरात आडवी नेऊन, तीत वाळू व रसायने मिसळलेले पाणी प्रचंड दाबाने सोडतात. त्यामुळे खडकास बारीक भेगा पडतात आणि वायू बाहेर येतो. या पद्धतीस फ्रॅकिंग म्हणतात. अमेरिकेतील अनुभवानुसार एका विहिरीस सुमारे ५७ लक्ष लिटरपासून ६ कोटी लिटरपर्यंत पाणी लागते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावास या आकड्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

यातील धोका दोन प्रकारचा आहे. पहिला, प्रत्यक्ष खडक फोडताना बसणाऱ्या धक्क्यांचा. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूल शहराजवळ २०११ मध्ये २.३ आणि २०१९ मध्ये २.९ रिश्टरचे धक्के बसले. त्यानंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथील शासनाने हे काम स्थगित केले. दुसरा धोका विहिरीतून परत येणाऱ्या खारट व दूषित पाण्याचा. ते पुन्हा खोल खडकात जिरविले, तर डेन्व्हरची पुनरावृत्ती होऊ शकते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात तेल-वायूच्या विहिरींचे असे पाणी मोठ्या प्रमाणावर जिरविण्यात आले आणि ३ सप्टेंबर २०१६ रोजी तेथे ५.८ रिश्टरचा भूकंप झाला. हेच पाणी वर सांडले, अथवा विहिरीचे सिमेंटचे अस्तर सदोष राहिले, तर पिण्याच्या पाण्यास अपाय होतो.

भारतात शेल वायूची पहिली चाचणी विहीर पश्चिम बंगालमधील दुर्गापूरजवळ खणण्यात आली आणि जानेवारी २०११ मध्ये तीत वायू आढळला. केंद्र शासनाने २०१३ मध्ये यासंबंधीचे धोरण जाहीर केले व २०१८ मध्ये ते अधिक व्यापक केले. आदिलाबाद जिल्ह्यात शेल वायूचे उत्पादन होत नाही. म्हणून अलीकडच्या धक्क्यांचे खापर फ्रॅकिंगवर फोडणे योग्य नव्हे. तथापि गोदावरीच्या खोऱ्यात कोळसाही आहे आणि विभंगही आहेत. पुढेमागे असा प्रस्ताव आलाच, तर ग्रामस्थांनी विचारावयाचे प्रश्न आजच माहीत असणे हिताचे आहे.

सुरुंग, खचणारी जमीन आणि भूकंप

ज्या गावांचे शिवार खाणीस लागून आहे, तेथे खरा नित्याचा प्रश्न सुरुंगांचा असतो. जुन्या अखंड आदिलाबाद जिल्ह्यातील बेल्लमपल्ली, मंदमर्री, श्रीरामपूर हे कोळशाचे भाग आता मंचेरियाल जिल्ह्यात आहेत, आणि उत्तरेस पैनगंगेपलीकडे वणी व चंद्रपूरच्या खाणी आहेत. तेथील सुरुंगाचा हादरा भूकंपाहून पुढील खुणांवरून ओळखता येतो.

सुरुंगाचा हादरा दिवसा, बहुधा ठराविक वेळी बसतो. त्याबरोबर हवेतील स्फोटाचा आवाज येतो, आणि तो खाणीभोवतीच्या गावांपुरताच मर्यादित असतो. भूकंप कोणत्याही प्रहरी होतो आणि एकाच क्षणी अनेक तालुक्यांत जाणवतो. जुन्या भूमिगत खाणीवरील जमीन खचली, तर तेवढ्याच जागी खड्डा वा लांब भेग पडते. पावसाळ्यानंतर जमिनीतून गूढ आवाज येऊन अगदी लहान धक्के बसणे, हा आणखी एक प्रकार आहे. नांदेड शहरात २००६ नंतर आणि हैदराबादच्या बोराबंडा भागात ऑक्टोबर २०२० मध्ये तो अनुभवास आला.

सुरुंगांच्या हादऱ्यास कायदेशीर मर्यादा आहे. खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार, खाणमालकाच्या मालकीची नसलेल्या राहत्या घरांपाशी जमिनीच्या कंपनाचा वेग सेकंदास ५ ते १५ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. यांपैकी नेमकी मर्यादा कंपनाच्या वारंवारतेवर अवलंबून असते. हे कंपन यंत्राने मोजता येते. म्हणून ‘भिंतीस तडे गेले’ एवढेच सांगून थांबू नये. ‘आमच्या घरापाशी कंपन मोजावे व आकडे ग्रामपंचायतीस द्यावेत’ अशी लेखी मागणी करावी. ती अधिक परिणामकारक ठरते.

नोंद आधीची हवी

डेन्व्हरचा संबंध सिद्ध झाला तो नोंदींमुळे. गावकऱ्यांच्या तक्रारी बहुधा याच ठिकाणी कमकुवत पडतात. विहिरीचे पाणी बिघडल्यावर ते तपासले, तर आधी ते चांगले होते याचा पुरावा राहत नाही. तडा गेल्यावर छायाचित्र काढले, तर तो जुनाच असल्याचे उत्तर मिळते. ते उत्तर खोडून काढण्यास हाती काही नसते.

यास्तव प्रत्येक ग्रामपंचायतीने पुढील तीन गोष्टी कराव्यात. एक, गावातील विहिरी, हापसे व कूपनलिका यांच्या पाण्याची पातळी उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर मोजून वहीत लिहावी आणि पाण्याची तपासणी करून अहवाल जपून ठेवावा. दोन, शाळा, समाजमंदिर व काही निवडक घरे यांच्या भिंतींची दिनांकासह छायाचित्रे घ्यावीत. तीन, प्रत्येक हादऱ्याची तारीख, वेळ, कालावधी व आवाज यांची नोंद ठेवावी आणि राष्ट्रीय भूकंप विज्ञान केंद्राच्या प्रसिद्ध यादीशी ती ताडून पाहावी. यादीत त्या वेळी भूकंप नसेल आणि हादरा रोज त्याच सुमारास बसत असेल, तर चौकशी कोठे करावयाची हे उघड आहे. हे काम शिक्षकांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास भूगोलाचा पाठही होईल व गावाचे कामही होईल.

विचारण्याचा अधिकार

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार मोठ्या खाणी व तेल-वायू उत्पादनाच्या प्रकल्पांसाठी जनसुनावणीची तरतूद आहे. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. मात्र २०२० च्या दुरुस्तीनंतर तेल-वायूच्या केवळ शोधासाठी खणलेल्या विहिरींना जनसुनावणी लागत नाही, हे ध्यानात ठेवावे. आदिलाबादचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे १९९६ च्या पंचायत विस्तार कायद्यान्वये भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी अथवा योग्य स्तरावरील पंचायतीशी सल्लामसलत करणे बंधनकारक आहे.

सुनावणीत विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. पाणी किती लागेल व कोठून आणणार? दूषित पाणी कोठे नेणार? जवळ विभंग आहे काय? धक्के मोजण्याची यंत्रे कोण बसविणार आणि किती रिश्टरला काम थांबविणार? अधिकाऱ्यांनीही या प्रश्नांकडे विरोध म्हणून पाहू नये. उत्तर न मिळालेल्या प्रश्नाची जागा अफवा घेते, आणि रात्री घराबाहेर झोपणाऱ्या गावास अफवेची मोठी किंमत मोजावी लागते.

शेवटी, निसर्गतः होणारा भूकंप कोणालाही टाळता येत नाही. किल्लारीत मातीत रचलेल्या जड दगडी भिंती आणि माळवदे यांनीच बहुतेकांचे प्राण घेतले. घराच्या चारही भिंतींना बांधून ठेवणारा सलग पट्टा घालणे आणि छप्पर हलके ठेवणे, ही खबरदारी धक्क्याचे कारण काहीही असले तरी उपयोगी पडते. यंदा घर बांधणाऱ्याने गवंड्यास ही गोष्ट पाया खणण्यापूर्वीच सांगावी.