पालकसंघाचा धर्मादाय दर्जा आणि करमाफी : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

शाळेचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न वर्धा जिल्ह्याला नवा नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेत, मुलांच्या हस्तोद्योगाच्या उत्पन्नातून शिक्षकांचे वेतन हळूहळू निघावे, अशी अपेक्षा व्यक्त झाली आणि योजनेच्या तपशिलासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पुढे शाळा स्वावलंबी झाल्या नाहीत. खर्चाचा मोठा भार शासनाकडे गेला. तथापि अनुदान व शाळेची प्रत्यक्ष गरज यांत जे अंतर उरते, ते पुष्कळदा पालकच वर्गणी काढून भरून काढतात. अशा पालकांच्या मंडळास धर्मादाय संस्था म्हणून करमाफी मिळू शकते काय, व मिळावयाची तर कोणत्या अटीवर, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते व तिचे तीनचतुर्थांश सभासद पालक असतात. खाजगी शाळांत २०११ च्या महाराष्ट्र शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ आवश्यक केला आहे. त्याच्या कार्यकारी समितीचा मुख्य संबंध शुल्कनिश्चितीशी येतो. ही दोन्ही मंडळे कायद्याने नेमून दिलेल्या कामापुरती निर्माण झालेली आहेत. केवळ त्यांच्या अस्तित्वामुळे धर्मादाय दर्जा प्राप्त होत नाही. देणग्या घेऊन निधी उभारू इच्छिणाऱ्या पालकांना स्वतंत्र संस्थाच स्थापावी लागते.

ही संस्था न्यास, १८६० च्या कायद्याखालील सोसायटी किंवा २०१३ च्या कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखालील कंपनी, यांपैकी कोणत्याही रूपाची असू शकते. सोसायटीस किमान सात व्यक्ती लागतात. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या व्याख्येत धर्मादाय हेतूची सोसायटीही अंतर्भूत असल्याने तिची नोंदणी धर्मादाय कार्यालयातही करावी लागते. न्यास निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत विश्वस्तांनी अर्ज करावयाचा असतो. वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात होता. त्यामुळे तेथे प्रथम मध्यप्रदेशाचा १९५१ चा न्यास कायदा लागू होता आणि त्याखाली नोंदणीचे काम जिल्हाधिकाऱ्याकडे असे. मुंबई राज्याचा कायदा विदर्भास नंतर लागू झाला.

तथापि धर्मादाय कार्यालयातील नोंदणी म्हणजे करमाफी नव्हे. प्राप्तिकर खात्याकडील नोंदणी वेगळी, आणि देणगीदारास सवलत मिळवून देणारी मान्यता त्याहूनही वेगळी. पहिलीमुळे संस्थेचे उत्पन्न करमुक्त होते, मात्र साधारणतः त्यातील ८५ टक्के रक्कम हेतूसाठी खर्ची पडली पाहिजे. दुसरीमुळे देणगीदाराला आपल्या करपात्र उत्पन्नातून, ठरावीक मर्यादेत, देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीस ती मिळत नाही, तसेच सवलतींचा त्याग करून कमी दराचा पर्याय निवडणाऱ्या करदात्यासही नाही. काम सुरू न केलेल्या नव्या संस्थेला प्रथम तीन वर्षांसाठी तात्पुरती नोंदणी दिली जाते. १९६१ च्या कायद्याने घडविलेली ही चौकट, १ एप्रिल २०२६ हा ज्याच्या अंमलाचा दिनांक आहे त्या २०२५ च्या प्राप्तिकर कायद्यात स्थूलमानाने कायम आहे.

येथवर प्रश्न केवळ कार्यपद्धतीचा आहे. खरा पेच यापुढे उद्भवतो. धर्मादायाचा आत्मा सार्वजनिक हितात असतो. पालकसंघात मात्र देणारा पालक आणि घेणारे मूल एकाच घरातील असतात. मग ही देणगी म्हणावी, की स्वतःच्या अपत्यावरील खर्च?

इंग्लंडमध्ये १८९१ च्या पेम्सेल खटल्यात शिक्षण हा धर्मादायाच्या चार प्रकारांपैकी एक मानला गेला. परंतु हेतू शैक्षणिक असणे पुरेसे नाही, हे १९५१ च्या ओपेनहाइम खटल्याने दाखवून दिले. एका तंबाखू कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना शिक्षणसाहाय्य देणारा निधी त्यात होता. कर्मचाऱ्यांची संख्या लाखाहून अधिक असूनही, लाभार्थी एका मालकाशी असलेल्या वैयक्तिक नात्याने ठरतात, म्हणून तो निधी धर्मादाय ठरला नाही. भारतीय सर्वोच्च न्यायालयाची दृष्टी काहीशी उदार आहे. १९७१ च्या अहमदाबाद राणा ज्ञातिसंस्थेच्या प्रकरणात, लाभ संपूर्ण समाजाला नसून त्याच्या एका विभागाला असला तरी तो सार्वजनिक असू शकतो, असे ठरले. मात्र तो विभाग व्यक्तिनिरपेक्ष गुणाने ओळखता आला पाहिजे. ‘अमुक शाळेत शिकणारी सर्व मुले’ हा विभाग या कसोटीस उतरण्याजोगा आहे. ‘वर्गणी भरणाऱ्यांची मुले’ हा विभाग मात्र तसा म्हणता येत नाही.

याला जोडूनच हितसंबंधी व्यक्तींचा नियम येतो. संस्थापक, विश्वस्त व त्यांचे नातलग यांच्या लाभासाठी निधी वापरला गेल्यास करमाफी धोक्यात येते. आणि नातलगांत स्वतःचे अपत्य येतेच. मोठ्या देणगीदाराची मर्यादा पूर्वी एकूण ५०,००० रुपये होती. १ एप्रिल २०२५ पासून ती एका वर्षात एक लाख किंवा एकूण दहा लाख रुपये झाली, आणि अशा देणगीदाराचे नातलग यादीतून वगळले गेले. सामान्य पालकाला यामुळे दिलासा मिळाला. विश्वस्त झालेल्या पालकाची अडचण मात्र तशीच राहिली.

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेत व्यायामपटू मुलांच्या पालकांचे एक मंडळ विक्री करून निधी जमवी, आणि ज्या पालकाने जितकी विक्री केली तितके गुण त्याच्याच मुलाच्या खर्चात वळते होत. २०१३ मध्ये तेथील कर न्यायालयाने त्या मंडळाची करमाफी रद्द करणे योग्य ठरविले. मंडळात कोणी अपहार केला नव्हता. दोष वाटपाच्या पद्धतीत होता.

ज्या पालकांना असे मंडळच हवे असेल, त्यांना परस्परतेचे तत्त्व उपलब्ध आहे. देणारे व घेणारे एकच असल्यास सभासदांची वर्गणी हे उत्पन्नच ठरत नाही. परंतु बंगलोर क्लबच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविल्याप्रमाणे बँकेतील ठेवींचे व्याज या तत्त्वाखाली सुटत नाही. आणि देणगीदारास वजावट तर नाहीच.

समजा, हिंगणघाट तालुक्यातील एखाद्या गावी पालकांनी ग्रंथालयासाठी संस्था काढली. तिच्या घटनेत पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात : लाभ शाळेतील प्रत्येक मुलास, पालकाने वर्गणी दिलेली असो वा नसो, वर्गणी ऐच्छिक, प्रवेशाशी वा शुल्काशी निगडित नसलेली, शिष्यवृत्तीची निवड करताना ज्याचे अपत्य उमेदवार आहे तो विश्वस्त बैठकीबाहेर, काही विश्वस्त पालक नसलेले, उदाहरणार्थ गावातील निवृत्त शिक्षक, आणि विसर्जनसमयी शिल्लक समान हेतूच्या संस्थेकडे, सभासदांकडे नव्हे. विश्वस्ताच्या मुलाने इतरांबरोबर त्याच ग्रंथालयात वाचणे आणि त्याच्यासाठी वेगळी तरतूद होणे, यांतील फरक अशा नियमांनीच दाखविता येतो.

ज्या मजुराला वर्गणी देणे शक्य नाही, त्याच्या मुलाला ते पुस्तक तितक्याच हक्काने मिळते काय, या एका प्रश्नाच्या उत्तरावर संस्थेचे स्वरूप ठरते. आपल्या मुलावरील प्रेमाला राज्यसंस्था करमाफी देत नाही. ती देते ते प्रेम शेजाऱ्याच्या मुलापर्यंत पोचते तेव्हा.