भाड्याची खोली घेताना

मुलाला शिकायला शहरात खोली घेऊन देताना नुसत्या तोंडी बोलीवर विसंबू नका. परीक्षेच्या तोंडावर त्याची वळकटी रस्त्यावर यायला नको! महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जिथे लागू आहे, तिथे करार लेखी आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती त्याने टाळली आणि तंटा झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. खोटे ठरवायचे ते मालकाने. शिवाय त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भाडे दिले की पावती घ्याच. योग्य कारणावाचून पाणी किंवा वीज तोडली, तर न्यायालयात दाद मागता येते. गुरुजी, एवढे ग्रामसभेत वाचून दाखवाल ना?