टिप्परचालकाची गोळी आणि परवान्याचा अर्ज

मालवाहू गाडी चालवण्याच्या परवान्यासाठी प्रकृतीविषयीचे दोन नमुने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दिलेले आहेत. नमुना १ हे अर्जदाराचे स्वतःचे घोषणापत्र, तर नमुना १-अ हे नोंदणीकृत डॉक्टरचे प्रमाणपत्र. गोसीखुर्द धरणाच्या कालव्यांवर मुरूम वाहणारा किंवा वैनगंगेच्या घाटावरून रेती भरणारा टिप्परचालक हेच कागद घेऊन भंडाऱ्याच्या परिवहन कार्यालयात जातो. घोषणापत्रात फेफरे येते का, भोवळ येते का, रातांधळेपणा आहे का, लाल-हिरवा ओळखता येतो का, २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, असे प्रश्न असतात. शेवटी वाहन चालवताना लोकांना धोका होईल असा दुसरा कुठला आजार आहे का, हा मोघम प्रश्न. रोज कोणती गोळी घेता, हे मात्र कुठेच विचारलेले नाही. व्यावसायिक परवान्याचे नूतनीकरण पूर्वी ३ वर्षांनी होई. २०१९च्या दुरुस्तीनंतर ते ५ वर्षांनी होते. मधल्या काळात सुरू झालेल्या औषधाला अर्जात जागा नाही.

कायदा औषधाकडे वळतो तो गाडी रस्त्यावर आल्यावर. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे अमली द्रव्याच्या अंमलाखाली गाडीवर ताबा न राहणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. कलम १८६ अधिक जवळचे आहे. धोकादायक ठरेल असा आजार आपल्याला आहे हे माहीत असूनही गाडी चालवल्यास पहिल्या वेळी १ हजार रुपयांपर्यंत दंड होतो. म्हणजे सगळी भिस्त चालकाला काय माहीत होते यावर. नाक्यावरचे श्वास तपासणारे यंत्र दारू पकडते, गोळी नाही.

गोळीचा धोका चालकाला माहीत व्हावा तरी कसा? अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडोल ही औषधे अनुसूची एच-१ मध्ये आहेत. त्यांच्या पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो, दुकानदाराला विक्रीची नोंद ठेवावी लागते. पण तो इशारा डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय औषध घेऊ नका, चिठ्ठीशिवाय विकू नका एवढेच सांगतो, गाडी चालवण्याबद्दल त्या चौकटीत अवाक्षर नाही; आणि तोही इंग्रजीत, बारीक टायपात. सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्यांची गोष्ट आणखी साधी. मेडिकलमध्ये नुसते नाव सांगितले की त्या मिळतात. त्यांतल्या क्लोरफेनिरामाइनचा अंमल लवकर उतरत नाही. रात्री घेतलेल्या गोळीची झापड पहाटेच्या पहिल्या फेरीतही डोळ्यांवर राहू शकते. त्यावर उपाय म्हणून तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकला जातो. त्याने जबडा जागा राहतो, हात मंदच राहतात.

सर्वांत फसवी गोळी मात्र साखरेची. मधुमेहावरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी न्याहारीबरोबर घेतली आणि घाटावर गाड्यांची रांग लागून जेवण टळले, तर रक्तातली साखर उतरू लागते. हात थरथरतात, छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो, मग विचार गोंधळतात. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड दबते. खूण म्हणून बहुधा घामच उरतो. मे महिन्यात तापलेल्या केबिनमध्ये तो घाम उन्हाचा समजला जातो. चालक तोंडावर पाणी मारतो आणि गियर टाकतो. खरे तर त्या घडीला गाडी बाजूला लावून साखर किंवा गूळ खायला हवा आणि डोके ताळ्यावर येईपर्यंत थांबायला हवे.

अमेरिकेत व्यावसायिक चालकाची तपासणी जास्तीत जास्त २ वर्षांनी होते आणि तिच्या अर्जात चालू औषधांची यादी द्यावी लागते. इन्सुलिन घेणाऱ्याला २०१८ पासून उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या लेखी अहवालावर गाडी चालवता येते. तिथे औषध सांगितल्याने परवाना आपोआप जात नाही, म्हणून सांगण्यात काही अर्थ उरतो.

आपल्याकडे औषध मालकाला कळवण्याची सक्ती मोटार वाहन कायद्यात नाही. कामगार कायदा दिवसाला ८ तासांची मर्यादा घालतो, पण मजुरी फेरीवर ठरली की आजार सांगणे म्हणजे फेरी गमावणे. उरतो डॉक्टर. ‘मी टिप्पर चालवतो’ हे चिठ्ठी लिहिण्याआधी त्याच्या कानावर पडले, तर गुंगीची गोळी बदलता येते, तिची वेळ हलवता येते किंवा दोन दिवस गाडी नको असे लिहून देता येते. सर्दीसाठी कमी झोप आणणारे पर्याय आहेत, साखरेसाठीही ती एकदम न उतरवणारी औषधे आहेत.