बटाटा नव्हे, बुल्बा

मिन्स्कमध्ये मी ज्या आजींकडे भाड्याने राहत होतो, त्या दिवसभर रशियन बोलत. बाजारात, बसमध्ये, टेलिफोनवर, सगळीकडे रशियनच. रशियनमध्ये बटाट्याला 'कार्तोश्का' म्हणतात. पण किसणी हातात घेतली की आजींच्या तोंडी शब्द येई तो 'बुल्बा'. हा खास बेलारूसी शब्द.

बेलारूसमध्ये बेलारूसी ही राजभाषा आहेच. १९९५ च्या सार्वमतानंतर रशियनलाही तोच दर्जा मिळाला. शहरांत तर बहुतेक व्यवहार रशियनमधूनच चालतो. रस्त्यावरून मागे सरलेली भाषा स्वयंपाकघरात मात्र ठाण मांडून बसलेली मला दिसली.

आजींचा हातखंडा पदार्थ म्हणजे 'द्रानिकी'. कच्चा बटाटा अगदी लगदा होईपर्यंत बारीक किसायचा. त्यात थोडा कांदा, मीठ, आणि काळा पडायच्या आत चटकन तव्यावर घालायचा. मैदा किंवा अंडं घालू का, असं मी एकदा विचारलं, तर आजी चक्क रागावल्या! बटाट्यातला स्टार्चच तो धरून ठेवतो. कडा कुरकुरीत, आत मऊ, आणि वर 'स्मेताना', म्हणजे आंबवलेली घट्ट साय. असे पदार्थ पोलंड-युक्रेनमध्येही होतात, ज्यूंच्या घरीही होतात. पण आजींपुढे ते बोलायची सोय नव्हती.

गंमत म्हणजे हा बटाटा तिथे आला अठराव्या शतकात आणि गावोगाव रुजला एकोणिसाव्यात. आपल्याकडच्यासारखाच बाहेरून आलेला पाहुणा. त्याआधी तिथल्या शेतकऱ्याचं पोट भरायचं ते राय या धान्याच्या काळ्या पावावर, सलगमावर, जव-ओटच्या पेजेवर. आज मात्र शेजारी बेलारूसी माणसाला 'बुल्बाश' म्हणून चिडवतात आणि तोही ते हसून मिरवतो.

बटाट्याआधीची चव राहिली आहे ती 'ज्यादी'च्या ताटात. ज्यादी म्हणजे आजे-पणजे. शरद ऋतूत, आपल्या पितृपक्षासारखंच, त्यांना जेवू घालायचं. जवाची 'कुत्स्या' शिजवायची आणि पितरांचा वाटा आधी काढायचा. १९८८ साली मिन्स्कजवळच्या कुरापाती जंगलात स्टॅलिनच्या काळात गोळ्या घातलेल्यांच्या सामूहिक कबरी उजेडात आल्या. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला ज्यादीनिमित्त जमलेल्या लोकांना पोलिसांनी बळाने पांगवलं. तेव्हापासून पितरांची आठवण काढणं ही तिथे नुसती घरगुती बाब उरली नाही.

मी होतो त्या वर्षी आजींनी कुत्स्याचा पहिला चमचा वेगळ्या बशीत काढला आणि वडिलांना हाक मारली. मग बराच वेळ त्या बशीशी बोलत राहिल्या. मला एक अक्षर कळलं नाही. ते रशियन नव्हतं.