दसऱ्याचे सोने

'रघुवंशा'चा पाचवा सर्ग शिकविताना एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "गुरुजी, ह्यात आपट्याचे झाड कोठे आहे?" त्याची शंका रास्त असते. घरी त्याने ऐकलेली कथा अशी की, कुबेराने आपट्याच्या झाडावर मोहरांचा पाऊस पाडला, कौत्साने हव्या तेवढ्या घेतल्या, उरलेल्या लोकांनी लुटल्या आणि तो दिवस विजयादशमीचा होता. कालिदासाच्या काव्यात हे झाडही नाही आणि ही दशमीही नाही.

तेथील प्रसंग निराळा आहे. विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेला रघू मातीच्या पात्रातून अर्घ्य घेऊन कौत्साला सामोरा जातो. वरतंतूच्या ह्या शिष्याला चौदा विद्यांबद्दल चौदा कोटींची गुरुदक्षिणा द्यावयाची आहे. राजाची स्थिती पाहून तो परत निघतो. रघू त्याला दोन-तीन दिवस थांबवून घेतो आणि कुबेरावर चालून जाण्याच्या निश्चयाने रात्री रथातच निजतो. पहाटे कोषाधिकारी वर्दी देतात की, कोषगृहात आकाशातून सोने पडले आहे. खरी गोडी पुढे आहे. रघू ते सगळेच देऊ करतो आणि कौत्स गुरूच्या देण्याहून अधिक घ्यावयास तयार नाही. साकेतातील लोक दोघांनाही वाखाणतात. लुटीला मात्र कोणी हात घालीत नाही.

मग पान आले कोठून? विजयादशमीच्या कृत्यांत अपराजितापूजन, सीमोल्लंघन आणि शमीपूजन ही सांगितलेली आहेत. अज्ञातवासात पांडवांनी शस्त्रे ठेविली ती शमीवर, हे विराटपर्वावरून सर्वांस ठाऊक आहे. शमी न मिळेल तर अश्मंतकाचे पूजन करावे, अशी सवड काशीनाथ उपाध्यायांच्या 'धर्मसिंधू'त (सुमारे १७९०) दिलेली आहे. अश्मंतक म्हणजे आपला आपटा. दक्षिणेकडे ही सवडच रूढी होऊन बसली. ग्वाल्हेरीस शिंदे घराण्याच्या दसऱ्यात मात्र आजही शमीचेच पूजन होते आणि लोक तिचीच पाने सोने म्हणून घरी नेतात. राहता राहिले 'लुटणे' हे क्रियापद. आपण पान देतो, वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो आणि ह्या देवघेवीला म्हणतो 'लुटणे'! पावसाळा सरताच मोहिमेवर निघणाऱ्या मराठी फौजांच्या बोलीतून ते आले असावे, असा आमचा तर्क आहे.

पेढीवरच्या सोन्याचे कूळ वेगळे आहे. त्याचा संबंध कौत्साशी नसून साडेतीन मुहूर्तांशी आहे. वर्षप्रतिपदा, अक्षय्यतृतीया व विजयादशमी हे तीन पूर्ण आणि बलिप्रतिपदा हा अर्धा. ह्या दिवशी पंचांग न उघडता कोणतेही कार्य आरंभावे, असा संकेत. घर, वाहन, दुकान, तसेच सोने. त्यात दसऱ्याच्या सुमारास खरिपाचे पीक हाती येऊ लागते आणि तुळशीच्या लग्नानंतरचे विवाह समोर दिसू लागतात. तेव्हा वधूपित्याला मुहूर्ताचे निमित्त पुरते. ही खरेदी सरकारी निर्बंधांतूनही टिकली. १९६३ च्या सुवर्णनियंत्रण नियमांनी चौदा कॅरटांहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी केली, तेव्हा कित्येक सोनारांवर उपासमारीची पाळी आली. पुढे १९६८ चा कायदा आला, तो १९९० मध्ये रद्द झाला. आता दसऱ्याला वृत्तपत्र उघडावे तर पेढ्यांच्या जाहिरातींत कौत्साची कथा छापलेली! नको म्हणणाऱ्या शिष्याला ग्राहक आणावयास उभे केलेले पाहून आम्हांस हसू येते, आणि थोडे वाईटही वाटते.

पानेही आता शहरात विकतच घ्यावी लागतात, आणि आपट्याच्या नावाने पुष्कळदा कांचनाची गळ्यात मारली जातात. दोन्ही जुळ्या पाळ्यांची असल्यामुळे फसगत होते. परंतु आपट्याचे पान लहान व जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला अधिक, आणि कांचनाचे मोठे व पातळ असते. आमच्या शाळेच्या आवारात एक आपटा आहे. सुट्टीवर जाण्यापूर्वी मुले त्याच्या फांद्याच मोडून नेत. गेली काही वर्षे आम्ही त्यांना प्रत्येकी एकच पान तोडू देतो.